ओक्सनरिनची पाटी

आमच्या लानेग गावात रोमेड सांटरला कोणी वाईट म्हणायचं नाही आणि त्याचं कोणी ऐकायचंही नाही. यातली पहिली गोष्ट त्याने स्वभावाने मिळवली होती, दुसरी एका पाटीमुळे त्याच्या वाट्याला आली.

उन्हाळ्यात तो वरच्या कुरणांची कुंपणं नीट करायचा आणि हिवाळ्यात लिफ्टवाल्यांकडे उतारांची राखण. लग्न केलं नाही. बहिणीच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहायचा, आणि तिचा मुलगा सेबाल्ड याला त्यानेच स्कीवर उभं राहायला शिकवलं होतं. त्याशिवाय तो गावाच्या हिमलोट समितीत होता. वडील समितीत होते, म्हणून तोही. समितीत माणसं तीन: रोमेड, लिफ्टचा व्यवस्थापक गुंट्राम आणि लेआंडर नावाचा तरुण वाटाड्या. सकाळी लिफ्ट लोकांसाठी सुरू व्हायच्या आधी हे वर जायचे, फावड्याने खड्डा खणून बर्फाचे थर बघायचे आणि ओक्सनरिन आज उघडायची की नाही ते ठरवायचे.

ओक्सनरिन म्हणजे डोंगराच्या टोकापासून थेट चर्चच्या मागच्या भिंतीपर्यंत उतरणारी घळ. शरद ऋतूत तिथून गुरं खाली येतात, हिवाळ्यात माणसं. यंत्राने दाबून सपाट केलेले उतार सगळे वरच संपतात. गावापर्यंत स्कीवरून यायची वाट ही एकच, आणि ती कच्ची. तिथे यंत्र जात नाही, बर्फ पडलं तसं राहतं. पण म्हणून ते रानही नव्हे. दोन्ही बाजूंना नारिंगी खांब असतात आणि तोंडाशी एक पाटी. पाटीवर ‘उघडी’ दिसलं, तर समजायचं की तिघा माणसांनी शब्द दिलाय, खांबांच्या आत राहा, वरून तुमच्यावर काही येणार नाही. ‘बंद’ असलं की आडवी दोरी.

आता लिफ्टच्या पाळण्यातून खाली येणं म्हणजे आमच्याकडे नाक कापून घेणं. वर जाताना पाळण्यात बसावं, खाली स्कीवरून यावं. पाळण्यातून खाली येतात त्या तान्ह्या पोरांच्या आया, पाय मोडलेले, आणि शहरातून फोटो काढायला आलेले. त्यामुळे ओक्सनरिन बंद असली की गावातल्या तरुण पोरांपुढे दोनच वाटा उरायच्या, लाज किंवा दोरी. पोरं दोरीखालून जायची.

पूर्वी एवढं नव्हतं. रोमेडच्या वडिलांच्या काळात पाटी बंद म्हणाली की पाद्रीसुद्धा पाळण्यात बसायचा. बिघडलं ते शेजारच्या खोऱ्यातल्या खटल्यानंतर. तिथल्या समितीतल्या इग्नाझ नावाच्या माणसाने एक उतार उघडला, त्यावर वरून आलेल्या हिमलोटाखाली एक पाहुणा मेला, आणि इग्नाझला कोर्टात उभं केलं. निर्दोष सुटला, पण सुटला तेव्हा तो इग्नाझ राहिला नव्हता. स्की विकून टाकले, दाराबाहेर पडेना, भेटायला गेलं तर खिडकीकडे तोंड करून बसायचा. रोमेड एकदा जाऊन आला. तेव्हापासून शंका आली की बंद. मग शंका नसली तरी बंद, कारण उद्या येईल. काही हिवाळ्यांत तर ‘बंद’ची पाटी नाताळात लागायची आणि ईस्टरला निघायची. चकचकीत निळं आकाश, दगडासारखं घट्ट बर्फ, आणि आडवी दोरी. दोरीच्या खाली स्कीच्या इतक्या रेघा, की पाहुण्यांना वाटायचं रांग इथेच लावायची आहे.

एक माणूस मात्र त्या दोरीखालून कधी गेला नाही. अल्बान क्नाइस्ल, चर्चच्या मेणबत्त्या, घंटा आणि पायऱ्यांवरचं बर्फ सांभाळणारा. रोमेडचा शाळेपासूनचा दोस्त. सकाळचं चर्चचं काम उरकलं की त्याला एकदा वर जाऊन ओक्सनरिनमधून खाली यायचं असायचं. तीच त्याची चैन. वर पोचला की टोपी मागे सारून पाटी अशी वाचायचा, जणू तिच्यावर रोज नवीन मजकूर असतो. ‘बंद’ असलं की स्की खांद्यावर टाकून निमूट पाळण्यात जाऊन बसायचा, आयांच्या आणि पाय मोडलेल्यांच्या मध्ये.

एका रविवारी प्रार्थनेनंतर खानावळीत हा विषय निघाला. विषय कसला, चेष्टाच.

“मामा, खरं सांग,” सेबाल्ड म्हणाला, “तुझी पाटी दोन्ही बाजूंनी ‘बंद’च रंगवलीय ना?”

“तू आधी दोरीच्या वरून बघायला शीक,” रोमेड म्हणाला. “खालून बघून बघून मान वाकडी झालीय तुझी.”

“मग अल्बानकाका आहेत की वरून बघायला. काका, पाळण्यात रोज नवनव्या बायका भेटतात म्हणे. रोसिनाकाकूंना सांगू का?”

“सांग,” अल्बान म्हणाला. “ती म्हणेल, कोणीतरी न्या याला एकदाचं.” सगळे हसले, आणि मग तो बिअरचा पेला खाली ठेवून म्हणाला, “हे बघ पोरा, हा उतार बघायला सकाळी कोण जातं? तू झोपलेला असतोस, मी मेणबत्त्या लावत असतो. हा जातो. मग हा बंद म्हणाला की बंद. मला त्यात अक्कल चालवायची नाही.”

रोमेडला बरं वाटायला हवं होतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण गेल्या आठवड्यात उतार उत्तम असताना त्याने तो बंद ठेवला होता आणि हा भला माणूस त्या बंदीचा मान राखून पाळण्यात हसं करून घेत होता.

बाहेर पडल्यावर लेआंडर त्याच्याबरोबर चालू लागला. हा पोरगा मोजकं बोलणारा. “पोरं आगाऊ आहेत,” तो म्हणाला, “पण खोटं बोलत नाहीत, रोमेड. चांगल्या दिवशीही आपण बंदच म्हणतो. मग खरंच वाईट दिवस उजाडला, तर तो कोणत्या शब्दात सांगायचा?”

रोमेड घराकडे वळला. पण हे वाक्य त्याला उन्हाळाभर पुरलं. कुंपणाला खिळे ठोकताना तो त्याचाच विचार करायचा. आपण माणसांना वाचवत नव्हतो, स्वतःला वाचवत होतो, आणि गावाने ते ओळखलंय. नुसतं ओळखलं नाही, त्यातून शिकलंही: पाटी म्हणजे रोमेडची भीती, तिचा डोंगराशी संबंध नाही.

पुढच्या हिवाळ्यात त्याने कात टाकली. चांगला दिवस असला की ‘उघडी’, पुढे काय होईल याचा बाऊ न करता. वाईट असला की ‘बंद’, आणि कारण खाली खडूने लिहायचं: रात्री वारा, किंवा दुपारी ऊन तापेल. पहिल्यांदा पाटी उघडी दिसली तेव्हा सेबाल्डने तिचा फोटो काढून गावभर पाठवला. पण हळूहळू फरक पडला. लोक पाटीपाशी थांबू लागले, कारण वाचू लागले. जानेवारीत मोठं बर्फ पडलं, रोमेडने बंद केली, आणि दोरीखाली एकही रेघ उमटली नाही. सेबाल्ड आणि त्याचे मित्र तोंडं वाकडी करत पाळण्यात बसले. रोमेड लिफ्टच्या खोपटाआड उभा राहून ते बघत होता आणि त्याच्या म्हाताऱ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आयुष्यात त्याला एवढा मान कोणी दिला नव्हता.

त्याच सुमारास अल्बानने त्याला विचारलं, “लेक म्हणते, वाढदिवसाला ते बीपर घेऊन देते. पोरं छातीला बांधतात ना, गाडला गेलास तर सापडावास म्हणून, ते. घेऊ का?”

“दोरीखालून जायचा विचार आहे का?”

“छे.”

“मग कशाला? मी उघडी म्हटलं, तर तुला बीपर लागता कामा नये. नाहीतर उघडी म्हणायचं तरी कशाला?”

हे तो बढाईने बोलला नाही. नियमाला धरूनच बोलला. उघड्या वाटेवर कोणाला ते यंत्र लागत नाही, तसा आमच्याकडे दंडकच आहे. अल्बानने मान डोलावली आणि लेकीला सांगितलं की त्यापेक्षा लोकरीचे हातमोजे घे.

फेब्रुवारीत सुट्ट्यांचे दिवस होते, गाव पाहुण्यांनी भरलेलं. एका संध्याकाळी दक्षिणेकडून वारा सुटला. आमच्याकडे वारा वायव्येचा. दक्षिणेचा आला तर तो बर्फ भलत्याच ठिकाणी नेऊन ठेवतो. रोमेडने दुसऱ्या दिवशी ओक्सनरिन बंद ठेवली, आणि योग्यच केलं. पण त्या दिवशी मूठभरही बर्फ खाली आलं नाही. ऊन पडलं, वारा पडला, आणि संध्याकाळी खानावळीत कोणीतरी म्हणालं, “झालं, म्हातारा परत घाबरला.” म्हणणारा कोण ते रोमेडला दिसलं नाही. शब्द मात्र रात्रभर कानात राहिले.

त्यानंतरची सकाळ तर पुसून ठेवलेल्या काचेसारखी उजाडली. तिघे वर गेले. घळीचा वरचा भाग चांगला होता, मधला चांगला होता. काळ्या कड्याखाली मात्र लेआंडर थांबला आणि त्याने स्की आपटून बघितला. पोकळ आवाज आला, ढोलावर थाप मारावी तसा.

“इथे लादी बसलीय,” तो म्हणाला. त्याने खणलं. वर वाऱ्याने दाबून बसवलेला कडक थर, आणि त्याच्या खाली साखरेसारखं सुटं, कशालाच धरून नसलेलं बर्फ. “छोटीच आहे. पण आहे.”

रोमेडने हात घालून बघितलं. साखर त्याच्या बोटांतून गळाली. “खांब डावीकडे घेऊ,” तो म्हणाला. “वाट तिच्या खालून जायलाच नको.”

“नाहीतर सुरुंग लावून पाडू. सुरुंगवाला खालच्या खोऱ्यातून येईल.”

“म्हणजे दुपार.”

“मग दुपारपर्यंत बंद.”

गुंट्रामने हात वर केले. “मला विचारू नका. तुम्ही म्हणाल ते. मला फक्त खाली फोन करायचाय.”

रोमेडने खाली गावाकडे पाहिलं. लिफ्टच्या खालच्या टोकाशी रंगीबेरंगी गर्दी जमली होती. “काल बंद होती,” तो म्हणाला, “आणि काल काही आलं नाही. आज हे असलं आकाश. परत बंद म्हटलं तर संपलं. आत्ता कुठे लोक पाटीकडे बघायला लागलेत, लेआंडर. हिवाळाभर कमावलेलं एका सकाळी पाण्यात जाईल.”

लेआंडर त्याच्याकडे बघत राहिला. “आपण उताराचंच बोलतोय ना?”

“मग काय चर्चचं?” रोमेड जरा चढ्या आवाजात म्हणाला. “खांब डावीकडे घेऊ. लादी एवढीशी आहे.”

लेआंडरने आणखी वाद घातला नाही. रोमेड त्याच्या बापाच्या वयाचा. त्यांनी खांब उपटले, डावीकडे रोवले, आणि वर येऊन रोमेडने स्वतःच्या हाताने पाटी फिरवली.

सकाळभर लोक गेले. पाहुणे गेले, शाळेची मुलं गेली, काही झालं नाही. धोका टळला की माणसाला जो हलकेपणा वाटतो तो रोमेडला वाटू लागला. दुपारच्या सुमारास अल्बान आला. पाटीसमोर उभा राहून त्याने ती वाचली, आणि खोपटाच्या दारातल्या रोमेडला हात केला.

“काय आभाळ आहे रे,” तो म्हणाला. “रोसिनाने सूप ठेवलंय. एकदा खाली जातो.”

“डावीकडून,” रोमेड म्हणाला. “खांबांच्या आत.”

“मला सांगतोस?” अल्बान म्हणाला आणि गेला.

आवाज असा काही झालाच नाही. फोनवर सेबाल्ड ओरडला, तो पलीकडच्या डोंगरधारेवर होता आणि त्याला दिसलं होतं. काळ्या कड्याखालची लादी सुटली होती. एवढीशीच होती. पण ती डावीकडे वळली, खांब रोवले होते तिकडे, आणि खांबांवरून गेली.

रोमेड पोचला तेव्हा सेबाल्ड आणि त्याचे दोन मित्र आधीच तिथे होते. पाठीवर पिशव्या, पिशव्यांत फावडी आणि लांब सळया, छातीवर बीपर. हिवाळ्यामागून हिवाळे दोरीखालून जाणाऱ्या पोरांजवळ सगळं होतं. तिघांनी यंत्रं शोधावर टाकली, गाडलेल्याच्या बीपरचा आवाज टिपायला, आणि बर्फाच्या ढेकळांवरून नागमोडी चालू लागले, शिकवलं होतं अगदी तसं. रोमेड उभा राहून आवाज यायची वाट बघत होता. यंत्रं गप्प होती. सेबाल्डने आपलं यंत्र हलवलं, परत चालवलं, आणि मागे वळला.

“मामा, खाली कोण आहे?”

“अल्बान.”

“बीपर आहे ना त्याच्याकडे?”

“नाही.”

“का नाही?”

याचं उत्तर रोमेडकडे होतं.  त्याने गुडघ्यांवर बसून हातांनीच उकरायला सुरुवात केली, कुठेही, जिथे बसला होता तिथेच. सेबाल्डने त्याला उचलून बाजूला केलं आणि सगळ्यांना ओळीत उभं करून सळया खुपसायला लावल्या. शेवटी अल्बान सापडला तो खालच्या खोऱ्यातून हेलिकॉप्टरने आणलेल्या कुत्र्याला. सकाळी हलवलेल्या एका खांबाजवळच होता, स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या उंचीएवढ्या बर्फाखाली. पोरांच्या यंत्रांना तो क्षणात सापडला असता. अंगावर एक जखम नव्हती. डॉक्टरने फक्त मान हलवली. सेबाल्ड फावड्यावर बसून लहान मुलासारखा रडत होता, आणि रोमेडच्या मनात आलेला विचार असा भयंकर होता की तो त्याने नंतरही कोणाला सांगितला नाही: ज्यांनी माझं कधी ऐकलं नाही ते सगळे जिवंत आहेत.

चौकशी झाली. सरकारी माणसं आली, एक तज्ज्ञ आला, त्याने खड्डे खणले, मापं घेतली. रोमेडला विचारलं वारा कुठला होता, थर किती, खांब कुठे होते. त्याने सगळी उत्तरं बरोबर दिली. लेआंडर म्हणाला, निर्णय सगळ्यांनी मिळून घेतला. तज्ज्ञाने लिहिलं की तेव्हा जे माहीत होतं त्यावरून निर्णय समजण्यासारखा होता, दोष कोणाचाच नाही. खटला नाही. गुंट्रामने त्याच्या पाठीवर थाप मारली. “सुटलास,” तो म्हणाला. ज्या कोर्टाच्या भीतीने रोमेडने इतके हिवाळे घालवले ते कोर्ट आता त्याला हवं होतं, आणि ते त्याला बोलवायला तयार नव्हतं. पाटी फिरवताना तुझ्या मनात काय होतं, एवढा एकच प्रश्न कोणी विचारला नाही.

अल्बानला पुरलं, चौकशी संपली, त्यानंतरच्या आठवड्यात रोसिनाने त्याला जेवायला बोलावलं. नाही म्हणायची त्याची हिंमत झाली नाही. तिने जवाचं सूप केलं होतं, धुरावलेलं मांस घातलेलं, आणि त्याच्यासमोर अल्बानचीच खुर्ची सरकवली. नको म्हणून तो बाकावर बसला.

“खा,” ती म्हणाली. “हाडं दिसायला लागलीत तुझी.”

त्याने चमचा उचलला.

“तुझ्या मनाला लागलंय ते मला दिसतंय,” रोसिना म्हणाली. “म्हणून सांगते. त्या दिवशी सकाळी फार खुशीत होता रे. खिडकीतून लोक उतरताना बघून म्हणाला, रोमेडने आज उघडलीय. म्हणजे दिवस चांगलाच असणार. चिंता नव्हती त्याला कसली. गेला तो भरवशाने गेला. मी रात्री पडल्या पडल्या तेवढंच धरून असते, की त्याची काही चूक नव्हती आणि तुझीही नव्हती. डोंगराने नेला. डोंगराशी काय भांडायचं?” तिने भाकरीचा तुकडा मोडून त्याच्या वाडग्याजवळ ठेवला. “आणि समिती सोडतोयस म्हणतात, ते करू नकोस. विश्वास ठेवावा असं गावात आहे कोण दुसरं?”

रोमेडने चमचा खाली ठेवला. तज्ज्ञासमोर जे बोलला नव्हता, कबरीपाशी बोलला नव्हता, ते आता बोलला. 

“रोसिना, लादी आम्हाला दिसली होती.”

ती त्याच्यासमोर बसली.

“लेआंडर म्हणाला दुपारपर्यंत बंद ठेवू. मी ऐकलं नाही. परत बंद म्हटलं तर लोक हसतील, माझी पाटी कोणी मानणार नाही, हे डोक्यात होतं. मी उताराचा विचारच केला नाही. मी माझा केला.”

बोलून झाल्यावर त्याला श्वास घेता आला. कितीतरी दिवसांनी छातीवरचं ओझं सरकलं, आणि ते सरकताना त्याने मान वर करून तिच्याकडे बघितलं.

रोसिना रडली नाही. तिने टेबलावरचे भाकरीचे कण बोटांनी गोळा केले. मग म्हणाली, “हे तू मला कशाला सांगितलंस?”

“तुला खरं कळायला हवं म्हणून.”

“नाही,” ती म्हणाली. “तुला हलकं वाटावं म्हणून. आत्तापर्यंत माझ्याकडे एवढं तरी होतं, रोमेड. तेही घेऊन गेलास.”

 ती उठली, त्याच्यासमोरचा भरलेला वाडगा उचलला आणि सूप परत भांड्यात ओतलं. मग तिने दार उघडलं आणि तो बाहेर जाईपर्यंत ते धरून उभी राहिली.